वाचकांचे प्रश्न : हात न पोहोचणारा व्हॉल्व्ह आणि दुचाकीच्या चाकातली हवा

पावसाळा तोंडावर आला की या सदराकडे टायरविषयीची पत्रे वाढतात. या वेळच्या पत्रांत मात्र घासलेल्या नक्षीपेक्षा किंवा पंक्चरपेक्षा व्हॉल्व्हची तक्रार अधिक आहे. तो दिसतो, पण हवेची नळी त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. पोहोचली तर नीट बसत नाही. आणि बसली तर काढताना भरलेली हवा निघून जाते. याचा परिणाम असा होतो की महिन्यातून दोनदा पाहायची हवा सहा-सहा महिने कोणी पाहत नाही. म्हणून या वेळचे संपूर्ण सदर या एकाच विषयाला दिले आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझ्या १६० सीसी मोटरसायकलला अलॉय चाके आणि ट्यूबलेस टायर आहेत. मागच्या चाकाला एका बाजूने डिस्क आणि दुसऱ्या बाजूने चेनचे स्प्रॉकेट असल्यामुळे पेट्रोल पंपावरच्या नळीचे तोंड व्हॉल्व्हवर सरळ बसतच नाही. हवा भरणारा मुलगा ते तिरपे दाबून धरतो, निम्मी हवा बाहेर फुसफुसते, यंत्राचा आकडा वरखाली नाचतो आणि शेवटी ‘झाली, साहेब’ असे सांगून तो पुढच्या गाडीकडे वळतो. चाकात नक्की किती हवा आहे हे मला कधीच कळत नाही. यावर उपाय काय? — एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : आपल्या चाकात काही दोष नाही, आणि त्या मुलाचाही फारसा दोष नाही. अडचण नळीच्या तोंडाची आहे. पंपांवरची बहुतेक तोंडे मोटारी आणि ट्रक डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली असतात. मोटारीचा व्हॉल्व्ह चाकाच्या बाहेरच्या अंगाला, अगदी उघड्यावर असतो. मोटरसायकलचा व्हॉल्व्ह मात्र रिमच्या मधोमध असतो आणि त्याचे टोक आसाकडे रोखलेले असते. सतरा इंची चाकातसुद्धा ते टोक आणि हब, म्हणजे चाकाचा मधला जाड भाग, यांच्यामध्ये वीतभर जागा नसते, आणि त्या जागेला एका अंगाने डिस्कने, तर दुसऱ्या अंगाने स्प्रॉकेटने कुंपण घातलेले असते. एवढ्याशा जागेत लांब पितळी तोंड, त्यामागची ताठ नळी आणि माणसाची मूठ एकदम मावणार कशी?

तोंड तिरपे बसल्यावर आकडा का नाचतो, हेही समजून घेण्यासारखे आहे. दुचाकी, मोटारी आणि ट्रक या सर्वांना मूळ रचना एकच असलेला श्रेडर व्हॉल्व्ह असतो. १८९३ मध्ये अमेरिकेत त्याचे पेटंट घेतले गेले आणि तेव्हापासून त्याच्या मूळ कल्पनेत फारसा बदल झालेला नाही. त्याच्या नळीत स्प्रिंगने बाहेर ढकललेली एक बारीक पिन असते. हवा आत जायची असेल तर दोन गोष्टी एकाच क्षणी घडाव्या लागतात : नळीच्या तोंडातल्या रबरी वायसरने व्हॉल्व्हची कड सगळीकडून बंद केली पाहिजे, आणि तोंडाच्या मध्यभागी असलेल्या खुंटीने ती पिन पुरती दाबली पाहिजे. तोंड कलते झाले की पिन दाबली जाते, पण कड एका बाजूने उघडी राहते, आणि तिथून टायरमधलीच हवा बाहेर पडू लागते. पंपावरचे स्वयंचलित यंत्र थोडी हवा सोडते, थांबून दाब मोजते आणि पुन्हा सोडते; त्याला चाक दिसत नाही, नळीतला दाब तेवढा कळतो. मोजण्याच्या क्षणी तोंडाशी गळती असेल तर तो आकडा खऱ्या दाबापेक्षा कमी निघतो, आणि पिन मुळीच दाबली गेलेली नसेल तर तो नुसत्या नळीतल्या हवेचा असतो. अशा वेळी यंत्राने घंटी वाजवली तरी तिच्यावर विश्वास ठेवू नये.

पहिला उपाय फुकटचा आहे. नळी हातात घेण्याआधी गाडी पुढे-मागे ढकलून व्हॉल्व्ह सोयीच्या जागी आणावा. मागच्या चाकाचा चिमटा, ज्याला स्विंगआर्म म्हणतात, तो आसापासून पुढे जातो. म्हणून व्हॉल्व्ह आसाच्या मागे आणि किंचित खाली आला की त्या भागात अडथळा सर्वांत कमी असतो. पुढच्या चाकाला याच्या नेमके उलटे करावे, कारण तिथे डिस्कचे कॅलिपर, म्हणजे डिस्कला पकडणारा ब्रेकचा भाग, बहुधा फोर्कच्या मागे असते. व्हॉल्व्ह आसाच्या पुढे व खाली असावा. पंपावर मागे रांग लागलेली असताना ही ढकलाढकली जमत नाही, म्हणून व्हॉल्व्ह जिथे आहे त्या जागी टायरच्या बाहेरच्या अंगावर खडूने किंवा रंगाने एक ठिपका काढून ठेवावा. गाडी उभी करतानाच तो ठिपका पाहून थांबता येते. चाक डबल स्टँडवर हाताने फिरवायचे असल्यास इंजिन बंद आणि गाडी न्यूट्रलमध्ये असलीच पाहिजे, आणि बोटे चेन व स्प्रॉकेट यांच्या जवळपासही नसावीत. चेनवर बोट ठेवून चाक फिरवताना बोट गमावलेली माणसे गॅरेजच्या धंद्यात अनेकांनी पाहिलेली आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांचे इंजिन सुरू होते.

दुसरा उपाय थोड्या खर्चाचा आहे, पण खरा उपाय तोच. हवेचा दाब मोजणारा स्वतःचा गेज घ्यावा, आणि तो मोटरसायकलसाठी योग्य असा निवडावा. पेनसारखा सरळ गेज स्वस्त मिळतो, पण तोही पंपाच्या तोंडासारखाच हबला अडतो. एका टोकाला तबकडी, मध्ये हातभर लवचीक नळी आणि दुसऱ्या टोकाला काटकोनात किंवा ४५ अंशांत वळलेले आखूड तोंड, अशी रचना असलेला गेज घ्यावा. त्यावर हवा थोडी थोडी सोडण्याचे बटण असेल तर उत्तमच. तबकडीचा गेज मोजपट्टीच्या मधल्या भागात सर्वांत भरवशाचा असतो, त्यामुळे दुचाकीला ० ते ६० पीएसआयची (चौरस इंचाला पौंड, या दाबाच्या मापाची) तबकडी घ्यावी. ट्रकसाठीच्या मोठ्या तबकडीवर २५ आणि २८ यांच्यातला फरक डोळ्यांना नीट दिसतही नाही.

असा गेज हाताशी असला की पंपावरच्या वेड्यावाकड्या तोंडाची भीती उरत नाही. तिथे गरजेपेक्षा तीन-चार पीएसआय जास्त हवा भरून घ्यावी, घरी यावे, दुसऱ्या दिवशी सकाळी चाक थंड असताना स्वतःच्या गेजने मोजावे आणि जास्तीची हवा बटण दाबून काढून टाकावी. हवा भरणे अवघड असते, काढणे कधीच अवघड नसते. म्हणून अवघड काम पंपावर ढोबळपणे उरकावे आणि नाजूक काम घरी निवांत करावे. आपल्या पंपावर दोन तोंडांची नळी असेल तर तिचे मागे वळलेले तोंड मागून घ्यावे. ते मुळात ट्रकच्या जोडचाकातल्या आतल्या चाकासाठी केलेले असते, पण काही मोटरसायकलींच्या मागच्या चाकालाही ते चांगले लागू पडते. फारच थोडे ग्राहक ते मागतात.

प्रश्न : मी ऑनलाइन एक काटकोनी अ‍ॅडॉप्टर मागवून तो माझ्या गाडीच्या व्हॉल्व्हवर कायमचा बसवला आहे. आता नळी बाजूने सहज लागते. परंतु आमच्या गावातला टायरवाला म्हणतो की हे लगेच काढा. त्याचे म्हणणे बरोबर आहे की तो उगाच घाबरवतो आहे? — एक वाचक, कागल

उत्तर : तो बरोबर सांगतो आहे. हवा भरताना तो अ‍ॅडॉप्टर जरूर वापरावा; हवा भरून झाली की काढून डिकीत किंवा खिशात ठेवावा.

कारण आकड्यांतच सांगतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मोटरसायकलचे सतरा इंची चाक सेकंदाला सुमारे बारा फेरे घेते. त्या वेळी व्हॉल्व्हच्या टोकाशी असलेली वस्तू तिच्या वजनाच्या सुमारे ९० ते १०० पट जोराने बाहेर, म्हणजे रिमच्या दिशेने ओढली जाते. पितळी अ‍ॅडॉप्टर २० ग्रॅमचा धरला तरी हा जोर दोन किलोच्या घरात जातो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. आता हा अ‍ॅडॉप्टर सरळ नाही, त्याची एक भुजा आडवी आहे. त्यामुळे तो जोर व्हॉल्व्हला नुसता दाबत नाही, तर एका बाजूला वाकवतो. आपल्या गाडीचा व्हॉल्व्ह अलॉय रिमच्या भोकात ओढून बसवलेला रबरी व्हॉल्व्ह असणार. प्रत्येक प्रवासात वेग वाढला की तो वाकणार आणि गाडी थांबली की सरळ होणार, आणि हे रोज घडत राहिले की रबर भोकाच्या कडेशी, म्हणजे बाहेरून न दिसणाऱ्या जागी चिरत जाते. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा घुसला तर हवा हळूहळू जाते आणि गाडी कडेला घ्यायला वेळ मिळतो. व्हॉल्व्ह बुडाशी फाटला तर मात्र हवा काही क्षणांत निघून जाते, आणि पुणे-बेंगळुरू महामार्गावर कागलजवळच्या वेगात हे काय असते याची कल्पना न केलेली बरी.

आणखी दोन गोष्टी आहेत. पुष्कळ अ‍ॅडॉप्टर आणि व्हॉल्व्हची लांबी वाढवणाऱ्या जोडण्या गाडीच्या व्हॉल्व्हमधली पिन कायमची दाबून ठेवतात. म्हणजे कंपनीने दिलेली झडप निकामी होते आणि सगळी हवा त्या स्वस्त अ‍ॅडॉप्टरच्या वायसरवर टिकून राहते. शिवाय आडवी भुजा कॅलिपरला किंवा फोर्कला घासते का, हे उभ्या गाडीवर नेहमी कळत नाही. आपण तो काढल्यावर व्हॉल्व्ह बोटाने हळूच चारही बाजूंना वाकवून बुडाशी बारीक चिरा आहेत का ते पाहावे. असल्यास पुढच्या टायरबदलाची वाट न पाहता व्हॉल्व्ह बदलून घ्यावा. तो अगदी थोड्या पैशांत मिळतो, खर्च असतो तो टायर रिमवरून उतरवण्याचा.

प्रश्न : मी शिवाजी उद्यमनगरात लेथवर काम करतो. पितळी रॉडमधून काटकोनी व्हॉल्व्ह स्वतः तयार करून तो रिमला नटाने घट्ट बसवला तर वरचा प्रश्न कायमचा सुटणार नाही का? आटे कोणते पाडावेत? — एक वाचक, उद्यमनगर

उत्तर : आपली दिशा योग्य आहे. अ‍ॅडॉप्टर कायम ठेवणे आणि मुळातच काटकोनात वळलेला धातूचा व्हॉल्व्ह बसवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धातूचा व्हॉल्व्ह आतून-बाहेरून रबरी वायसर घालून रिमला नटाने आवळलेला असतो. तो वाकत नाही, म्हणून त्याला वरची भीती लागू होत नाही. अनेक महागड्या मोटरसायकली कारखान्यातूनच अशा व्हॉल्व्हसह येतात.

आपल्या हातातील कौशल्याबद्दल शंका नाही. इंजिनाच्या कास्टिंगपासून ऊस गाळण्याच्या यंत्रांच्या भागांपर्यंत काय काय या वसाहतीत तयार होते हे कोल्हापूरकरांना वेगळे सांगायला नको. तरीही हा एक भाग स्वतः करू नये असे माझे मत आहे. व्हॉल्व्हवर टोपी बसण्यासाठी असलेले बाहेरचे आटे मेट्रिक नाहीत : व्यास सुमारे ७.७ मिलिमीटर आणि इंचाला ३२ आटे. आतल्या पिनेचे आटे आणखी बारीक, इंचाला ३६. हे दोन्ही पाडता येतील. पण पिन ज्या निमुळत्या बैठकीवर टेकून हवा अडवते ती बैठक गुळगुळीत आणि नेमक्या खोलीवर यायला हवी, आणि काटकोनातला जोड एका तुकड्यातून न करता ब्रेझिंगने, म्हणजे दुसरा धातू वितळवून जोडून, केला तर तो जोडच सर्वांत कमकुवत जागा ठरतो. तयार व्हॉल्व्ह बाजारात मिळतो, आणि तो ज्या दाबाला तपासलेला असतो तो दाब देऊन तपासण्याची सोय आपल्या बाकावर नसते.

तयार व्हॉल्व्ह घेताना रिमच्या भोकाचे माप व्हर्नियरने जरूर घ्यावे, आणि तिथे आपल्या सवयीचा उपयोग होईल. रबरी व्हॉल्व्हसाठी पाडलेले भोक साधारण ११.३ मिलिमीटरचे असते, तर काही मोटरसायकलींच्या रिमना ८.३ मिलिमीटरचे असते. लहान भोक मोठे करून मोठा व्हॉल्व्ह बसवण्याचा मोह होतो. अलॉय रिमला असे ड्रिल कधीही लावू नये. टोक कोणत्या बाजूला वळवायचे हे नट आवळण्याआधी ठरवावे : डिस्क नसलेल्या बाजूला, आणि मागच्या चाकाला दोन्ही बाजू व्यापलेल्या असतील तर स्प्रॉकेटच्या बाजूला नको, कारण ग्रीसने माखलेला हात आणि चेन या दोन्ही गोष्टी हवा भरताना टाळलेल्या बऱ्या. धातूचा व्हॉल्व्ह रबरीपेक्षा जड असतो, त्यामुळे बसवल्यानंतर चाकाचा तोल पुन्हा पाहून घ्यावा.

प्रश्न : माझी जुनी बुलेट तारांच्या चाकाची, ट्यूब असलेली आहे. व्हॉल्व्ह पूर्वी सरळ होता, आता तो एका बाजूला कलला आहे आणि त्यामुळे नळी लागत नाही. पंक्चरवाल्याने नट घट्ट आवळून तो सरळ करून दिला, पण महिन्याभरात पुन्हा कलला. — एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : या पत्राचे उत्तर सर्वांत आधी द्यायला हवे होते, कारण बाकीच्या पत्रांत गैरसोय आहे आणि या पत्रात धोका आहे.

कललेला व्हॉल्व्ह हा आजार नसून लक्षण आहे. आपला टायर रिमवर सरकतो आहे. हवा कमी असली की टायरची कड रिमला पुरेशी घट्ट धरून राहत नाही. ब्रेक लावताना किंवा जोरात गाडी उचलताना टायर रिमवर थोडा थोडा फिरतो आणि आतल्या ट्यूबला सोबत ओढून नेतो. व्हॉल्व्हची नळी मात्र रिमच्या भोकात अडकलेली असते. ट्यूब एकीकडे जाते, नळी दुसरीकडे अडते, आणि सगळा ताण नळी जिथे ट्यूबला चिकटवलेली असते त्या रबरी बुडावर येतो. एके दिवशी ते बूड फाटते. तिथे फाटलेल्या ट्यूबला ठिगळ लागत नाही.

नट आवळून व्हॉल्व्ह सरळ करणे म्हणजे नळीची सुटण्याची उरलीसुरली वाट बंद करणे होय. नट सैल असेल तर व्हॉल्व्ह कलून आपल्याला सूचना तरी देतो. रिमला घट्ट आवळला तर तो सरळच दिसतो आणि आत बूड फाटत राहते. म्हणून नवीन ट्यूब बसवताना नटाचा उपयोग फक्त नळी भोकातून आत जाऊ नये एवढ्यासाठी करावा, आणि टायर रिमवर नीट बसला की तो रिमपासून मागे घेऊन टोपीजवळ नेऊन ठेवावा. आपल्याकडील बहुतेक दुकानांत हे केले जात नाही. सांगून करून घ्यावे.

आता करायचे काय? टायर सोडवून ट्यूब तपासावी. बुडाशी सुरकुती किंवा चीर दिसली तर ट्यूब बदलावी. रिमच्या कडेवरचा गंज घासून काढावा. टायर पुन्हा बसवताना काही कारागीर ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावतात. ते लावू देऊ नये, साबणाचे पाणी पुरेसे आहे, ते वाळून जाते आणि टायर सरकत नाही. त्यानंतर रिम आणि टायर यांच्यावर समोरासमोर एक रेघ रंगवून ठेवावी. त्या दोन रेघा एकमेकींपासून दूर जाऊ लागल्या की व्हॉल्व्ह कलण्याच्या आधीच आपल्याला कळेल. आणि हवा महिन्यातून दोनदा तरी पाहावी, कारण या सगळ्याची सुरुवात कमी हवेपासून झाली आहे.

प्रश्न : माझ्या स्कूटरचे मागचे चाक दहा इंची आहे आणि त्याच्या अगदी जवळून सायलेन्सर जातो. पंपावर जायचा कंटाळा येतो म्हणून मी बॅटरीवर चालणारा छोटा पंप घेतला. त्याची नळी आट्यांनी व्हॉल्व्हवर बसवावी लागते, पण बोटे आत जात नाहीत. शिवाय त्याचा आकडा आणि पंपावरचा आकडा यांत तीनचा फरक येतो. खरा कोणाचा मानू? आणि टायरवर छापलेला आकडा तर याहून बराच मोठा आहे. — एक वाचक भगिनी, इचलकरंजी

उत्तर : दहा इंची चाकात व्हॉल्व्हचे टोक आणि हब यांच्यात दोन-तीन बोटेच मावतात, त्यामुळे आट्यांची नळी फिरवणे खरोखरच कठीण आहे. आपल्यासाठी दोन पर्याय आहेत. एक, वर कागलच्या वाचकांना सांगितलेला काटकोनी अ‍ॅडॉप्टर तात्पुरता वापरणे : तो आधी हाताने व्हॉल्व्हवर बसवावा, नळी त्याला जोडावी, हवा भरून झाल्यावर दोन्ही काढावे. दुसरा, पंपाच्या नळीला चिमट्यासारखे दाबून बसणारे आखूड तोंड लावणे. स्कूटर डबल स्टँडवर घेतली की मागचे चाक उचललेले राहते, म्हणून ते हाताने फिरवून व्हॉल्व्ह सायलेन्सरच्या विरुद्ध अंगाला मोकळ्या जागी आणावा. अर्थात स्कूटर बंद असताना. बाहेरून आल्याबरोबर हे करू नये, सायलेन्सरने कोपर भाजते आणि चाकही तापलेले असते.

नळी काढताना जो फुस्स आवाज येतो त्यात बहुतेक वेळा नळीत साठलेलीच हवा असते, त्यामुळे फार दचकू नये. परंतु स्कूटरच्या टायरमध्ये मुळात हवेचा साठा लहान असतो, म्हणून सावकाश काढल्यास थोडी हवा खरोखरच जाऊ शकते. दोन पीएसआय जास्त भरून ठेवली तर हा प्रश्न मिटतो.

तीनच्या फरकाबद्दल म्हणाल तर दोन्हींपैकी कोणता खरा हे तिसऱ्या चांगल्या गेजशिवाय सांगता येत नाही. पण आपल्याला त्याची तेवढी गरजही नाही. एकच साधन कायम वापरावे आणि ते एकदा एखाद्या विश्वासू टायर दुकानातल्या गेजशी ताडून पाहावे. त्याचा फरक ठरावीक असेल तर तो लक्षात ठेवून वापरता येतो. आकडा दर वेळी वेगळा येत असेल तर ते साधन बाद.

टायरवर छापलेला मोठा आकडा हा त्या टायरला सोसणारा कमाल दाब आणि तो पेलू शकेल ते कमाल वजन सांगतो. आपल्या गाडीत किती हवा भरायची ते गाडी बनवणाऱ्या कंपनीने ठरवलेले असते आणि ते सीटखाली, चेन कव्हरवर किंवा माहितीपुस्तकात लिहिलेले असते. अनेकदा ते किलोपास्कलमध्ये किंवा चौरस सेंटिमीटरला किलोग्रॅम या मापात असते आणि मग गोंधळ होतो. १७५ किलोपास्कल म्हणजे सुमारे २५ पीएसआय, २०० म्हणजे २९, २२५ म्हणजे साधारण ३३ आणि २५० म्हणजे ३६. चौरस सेंटिमीटरला एक किलोग्रॅम म्हणजे १४.२ पीएसआय. एकट्याने आणि दोघांनी बसण्यासाठी मागच्या चाकाचे आकडे वेगवेगळे असतात. मागे रोज कोणी बसत असेल तर दोघांचा आकडा धरावा.

प्रश्न : व्हॉल्व्हची टोपी हरवली तर काही बिघडते का? आणि रंगीत धातूच्या टोप्या कशा असतात? — एक वाचक, गगनबावडा

उत्तर : आपल्या भागातल्या पावसात तर नक्कीच बिघडते. टोपी नसेल तर चिखलपाणी पिनेपर्यंत जाते, स्प्रिंग गंजते, आणि पुढच्या वेळी नळी दाबली की एखादा वाळूचा कण पिनेच्या बैठकीत अडकून हवा हळूहळू जाऊ लागते. आत रबरी वायसर असलेली टोपी ही हवेला दुसरे कुलूप असते, म्हणून तीच घ्यावी. साधी प्लॅस्टिकची टोपी उत्तम. अ‍ॅल्युमिनियमच्या रंगीत टोप्या पितळी आट्यांवर ओलाव्यात धरून बसतात. मग पक्कडीने काढताना पिळला जातो तो रबरी व्हॉल्व्ह. हिरवी टोपी नायट्रोजन भरल्याची खूण म्हणून लावतात. साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो, त्यामुळे त्यात साधी हवा मिसळली तरी काही होत नाही.

पिन गळते का हे पाहायला टोकावर साबणाच्या पाण्याचा किंवा थुंकीचा थेंब लावावा. बुडबुडा फुगला तर पिन चावीने बदलता येते. नवीन पिन चिमटीच्या जोरानेच आवळावी, त्याहून जास्त नको.

प्रश्न : डिसेंबरात आम्ही दोघे मोटरसायकलवरून मालवणला जाणार आहोत. कोल्हापूर उंचावर आहे आणि मालवण समुद्रकाठी, तर घाट उतरल्यावर हवा बदलावी लागेल का? — एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : लागणार नाही. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच आहे. तिथून किनाऱ्यावर उतरल्यावर बाहेरच्या हवेचा दाब वाढतो आणि गेजवरचा आकडा एका पीएसआयहूनही थोडा कमीने घटतो. दुसरीकडे, तापमान दहा अंशांनी वाढले की तीस पीएसआयच्या आसपासचा आकडा सुमारे दीडने वाढतो. डिसेंबरातल्या पहाटेच्या कोल्हापुरापेक्षा मालवणची दुपार बरीच उष्ण असणार, म्हणजे या दोन गोष्टी एकमेकींना बऱ्याच अंशी फेडून टाकतात. त्यात चाललेला टायर स्वतः तापतो आणि आकडा आणखी तीन-चारने चढतो. पोहोचल्यावर तो वाढलेला आकडा पाहून हवा काढू नये. कंपनीचा आकडा थंड टायरचा असतो, आणि थंड म्हणजे किमान तीन तास उभ्या असलेल्या गाडीचा. निघण्याच्या सकाळी घरीच दोन माणसांच्या आकड्याप्रमाणे हवा करून घ्यावी. मे महिन्यात भरलेली हवा अजून तशीच असेल असे मात्र समजू नये : चांगल्या टायरमधूनही महिन्याला एक-दोन पीएसआय झिरपून जाते, आणि थंडीने आणखी दोन-तीन कमी केलेले असतात. वळलेल्या तोंडाचा गेज सामानात वरच ठेवावा, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी मालवणात गाडी थंड असेल तेव्हा तो पुन्हा एकदा लावून पाहणे सोपे जाईल.